सोड म्हणजे काय सोड

काकांबद्दल लिहिताना मी ‘काका म्हणाले’, ‘काका आले’ असंच लिहिणार आहे. हे बहुवचन नात्याला आहे. त्यात माणसाचा काही वाटा नाही, हे आधीच सांगून ठेवते, पुढे कुणाचा गैरसमज नको.

काका एकतीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. नट, बोल्ट, वॉशर, पाईपांचे तुकडे यांच्या खोक्यांवर नंबर घालायचे आणि कुणी चिठ्ठी आणली की खिडकीतून माल द्यायचे. तो माल पुढे कुठे बसतो, कसा बसतो, हे बघायला ते एकदाही खिडकीपलीकडे गेले नाहीत. पण नटबोल्टांच्या सहवासात इतकी वर्षं काढल्यामुळे आपण इंजिनियर झालो, अशी त्यांची ठाम समजूत होती. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना हातभर लांबीचा एक पाईपपाना भेट दिला. तो चेष्टेने दिला असावा असा मला दाट संशय आहे. काकांनी तो हॉलमध्ये, जिथे इतर लोक आईवडिलांचे फोटो लावतात, तिथे खिळ्याला टांगला.

तेव्हापासून घरात बाहेरच्या कारागिराला बंदी होती. नळवाले चोर, वायरमन अडाणी आणि सुतार तर दोन्ही. त्यामुळे आमच्याकडे स्वयंपाकघरातला नळ बंद करायला उघडावा लागायचा. जिन्यातला दिवा लावला की बेल वाजायची आणि बेल दाबली की काही व्हायचं नाही. मागचं दार जरासं उचलून, खांद्याने ढकलून, वर एक लाथ घातली की उघडायचं. पाहुण्यांना काका हे सगळं अभिमानाने समजावून सांगायचे, आणि पाहुणे परत येत नसत.

या कामांत त्यांची मदतनीस म्हणजे काकू. काका कशाच्या तरी खाली किंवा मागे शिरायचे आणि तिथून दोनच शब्द बाहेर यायचे. ‘धर’ आणि ‘सोड’. काकूने धरायचं, काकूने सोडायचं. पाना, वायर, शिडी, फळी, नळ, दोरी, काय ते तिचं तिने ओळखायचं. चुकली की “एवढंही कळत नाही का?” हे एक पूर्ण वाक्य मिळायचं. काकू न्हाणीघरात, आंघोळीच्या टबात बसलेली असली तरी तेच. चाळीस मिनिटं झाली की हॉलमधून हाक यायची, “सोड.” म्हणजे टबातलं पाणी सोड आणि बाहेर ये, मला आत जायचंय.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. वाक्यात कर्ता किंवा कर्म नसलं की मला दातात काहीतरी अडकल्यासारखं होतं. दोन वर्षांपूर्वी मी नवऱ्याचं घर सोडलं आणि छापखान्याला जवळ पडतं म्हणून काकाकाकूंच्या मागच्या खोलीत राहायला आले. पहिल्याच आठवड्यात काकांनी जिन्यात कुणाशी तरी माझी ओळख करून दिली. “ही पुतणी. सोडलेली.” मी तिथल्या तिथे म्हटलं, “काका, सोडलेली नाही, सोडून आलेली.” काका म्हणाले, “तेच ते.” त्यांच्या लेखी खरंच ते तेच होतं. कुणी कुणाला सोडलं या तपशिलात शिरायची त्यांना गरज वाटली नाही.

आता टबाबद्दल. जुना, ओतीव लोखंडाचा, आतून पांढरा आणि चार पायांवर उभा असा हा टब घराबरोबरच आला होता. काकूला संधिवात. सकाळी उठते तेव्हा तिच्या दोन्ही हातांच्या मुठी वळलेल्या असतात आणि त्या तिलाही उघडत नाहीत. गरम पाण्यात चाळीस मिनिटं बसली की आधी अंगठा सुटतो, मग एकेक बोट. मग ती बाहेर येते, आरशासमोर उभी राहून आपली वेणी आपण घालते, आणि त्यापुढे चार-पाच तास ती धडधाकट माणूस असते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की यात खंड पाडू नका, बोटं एकदा पुरती आखडली की परत उघडायची नाहीत. हे त्यांनी काकांच्या समोर सांगितलं होतं. काकांनी मान डोलावली होती, म्हणजे ऐकलं नव्हतं.

टबाच्या तळाचा निचऱ्याचा जोड बरेच दिवस झिरपत होता. खालच्या मजल्यावर बाइंडरचं दुकान आहे. मऊ स्वभावाचा, हळू बोलणारा माणूस. एके दिवशी तो भिजून फुगलेली दोन रजिस्टरं छातीशी धरून वर आला.

“काका, तुमच्या न्हाणीघरातून थेंब पडतात हो. बरोब्बर माझ्या टेबलावर.”

“दमट हवा आहे,” काका म्हणाले.

“साबणाचा वास येतोय.”

“साबणाची दमट हवा.”

बाइंडर माझ्याकडे बघून बिचारा हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आपलं टेबल भिंतीकडे सरकवलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या छताचा चहाच्या बशीएवढा तुकडा खाली आला. तो घेऊन तो परत वर आला, तेव्हा काकांना हवा सोडून पाण्यावर यावं लागलं.

मी म्हटलं, “काका, नळवाल्याला बोलवू या. छापखान्याशेजारी एक आहे, चांगला आहे.”

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “जुना माल आहे तो. शिशाचा पाईप, पितळेची जाळी. हल्लीच्या पोरासोरांना काय कळणार? खालचं सगळं काढून मी नवीन प्लास्टिकचं बसवतो. दोन दिवसांचं काम.”

“आणि नाही जमलं तर?”

“मला नाही जमलं तर ते जमण्यासारखंच नाही. मग टब ठेवायचा कशाला? भंगारवाल्याला सोमवारी सकाळी यायला सांगितलंय. घण घेऊन येईल, फोडून तुकड्यांनी नेईल. नाहीतर त्या धुडामुळे अर्धं न्हाणीघर अडलंय.”

काकू दारात उभी होती. तिने वळलेल्या मुठी पदराआड घेतल्या आणि आत गेली. एखादा माणूस आपल्या बायकोचे हात स्वतःच्या हट्टापायी भंगारात द्यायला निघतो आणि वर जेवायला काय आहे म्हणून विचारतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला काकांची किळस आली. मऊ शब्द शोधला, सापडला नाही.

शनिवारी सकाळी काका पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, खिळ्यावरचा पाना घेऊन कामाला उतरले. त्यांच्या मागे त्यांचा खोका. एकतीस वर्षांत ‘जास्तीचं’ म्हणून जमवलेले वॉशर, नट, रबरं, बेंड, सगळं त्यात गच्च भरलेलं होतं. त्यातली एकही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूला बसत नसे. टब आणि फरशी यांच्यात वीतभर जागा. काका पालथे, मग उताणे, मग एका कुशीवर होत आत शिरले. बाहेर फक्त दोन तळपाय राहिले. मला ते तसेच बरे दिसत होते.

काकूला पक्कड धरवत नव्हती, म्हणून ‘धर’चं काम माझ्याकडे आलं. टबाच्या भोकात जी जाळी असते तिच्या आडव्या पट्ट्यांत पक्कड अडकवून वरून घट्ट धरायची आणि खालून काकांनी मोठा नट फिरवायचा, म्हणजे जाळी नटाबरोबर गरगर फिरत नाही. जुना नट काही फिरला नाही. मग काकांनी तो करवतीने कापला, आणि कापताना स्वतःचा अंगठाही थोडा. शिशाचा पाईप निघाला. नवीन पाईप जुन्या भोकात जाईना, तेव्हा छिन्नीने त्यांनी फरशीतलं भोक असं ऐसपैस केलं की त्यातून खाली बाइंडरच्या दुकानातला पंखा दिसायला लागला.

नवी जाळी बसवायची वेळ आली. काकांनी रबराचा जाड वॉशर टबाच्या आतून, जाळीच्या कडेखाली ठेवला.

काकू हळूच म्हणाली, “अहो, रबर खालून असतं ना? नटाच्या वर? मागे दोनदा तुम्ही हे काढलंत तेव्हा खालूनच होतं.”

“तुला विचारलं?”

“नाही.”

“मग?”

खालून त्यांनी सुतळी गुंडाळली, पाईपाच्या सांध्यात भरतात तो सफेदा फासला आणि नट आवळला. “अजून पाव फेरा,” असं ते स्वतःशीच सात वेळा म्हणाले. संध्याकाळी काका बाहेर आले ते कोपरापर्यंत पांढरे होऊन. त्या दिवशी काकूला टब नव्हता. रात्री तिची वेणी मी घातली. ती एकदाच म्हणाली, “तुझा हात हलका आहे.”

रविवारी परीक्षा. काकांची योजना अशी होती: टबाला बूच लावायचं, टब काठोकाठ भरायचा, आणि खाली झोपून वरचा जोड गळतो का ते बघायचं. नाही गळला की मग जेवणानंतर खालचा बाकदार पाईप, म्हणजे ट्रॅप, जोडायचा.

मी विचारलं, “काका, ट्रॅप अजून जोडलेला नाही. मग टबातलं पाणी नंतर जाणार कुठे?”

“आधी जोड बघायचा असतो.”

“पण बूच काढल्यावर—”

“तू मुद्रितं तपास.”

टब भरायला अर्धा तास लागला. काकू टबाच्या डोक्याशी उभी. टब आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून बॅटरी सुतळीने खाली लोंबकळत ठेवायची होती, तिची सुतळी काकूच्या डाव्या मनगटाला गुंडाळलेली. उजव्या हाताच्या दोन बोटांत बुचाची साखळी अडकवलेली, कारण साखळी पाण्यात पडली तर नंतर शोधत बसायला नको, असं काकांचं म्हणणं. मी दारात फडकं घेऊन. काका खाली. त्यांचं तोंड बरोबर भोकाखाली, कारण तिथूनच जोड नीट दिसतो.

 मग खालून आवाज आला.

“दिसत नाही. हं. सोड.”

काकूने साखळी ओढली.

तीनशे लिटर पाण्याला कुठे जायचं ते कुणी सांगावं लागत नाही. पहिलं सगळं काकांच्या तोंडावर गेलं. तळपाय हवेत उचलले गेले, टबाच्या पोटावर डोकं आपटल्याचा घणघणीत आवाज आला आणि त्यामागून गुळण्या केल्यासारखं काहीतरी. काका बाहेर यायला बघत होते, पण शिरताना जी कूस वापरली होती ती त्यांना आठवेना. मी त्यांचे पाय धरून ओढले. ओढताना मला हसू येत होतं, आणि ते लपवायचा मी फारसा प्रयत्न केला नाही. उरलेलं पाणी छिन्नीने केलेल्या भोकातून धबाधबा खाली गेलं. खाली बाइंडर होता. त्याने भोकाखाली पिंप लावून ठेवलं होतं, शनिवारीच. त्याला काकांची चांगली ओळख होती.

काका उठून बसले. केसांतून सफेदा ओघळत होता.

“दिवा सोड म्हणालो मी. दिवा. बॅटरी खाली सोड. अक्कल आहे का? एवढंही कळत नाही का?”

काकूच्या हातात साखळी तशीच होती आणि बूच टोकाला हलत होतं. ती रडेल असं मला वाटलं. ती शांतपणे म्हणाली,

“तुम्ही दिवा म्हणाला नाहीत. नुसतं सोड म्हणालात.”

“त्यात काय कळायचंय?”

“लग्न झाल्यापासून नुसतं सोड म्हणताय. काय सोडायचं ते आज पहिल्यांदा सांगितलंत, तेही पाणी डोक्यावरून गेल्यावर.”

काकांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षं खिडकीआडून माल देणाऱ्या माणसाकडे त्या वेळी देण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांना एकच सुचलं, जे अशा माणसांना सुचतं. “उद्या भंगारवाला येतोय. विषय संपला.” आणि ओले पाय आपटत ते निघून गेले. पाय आपटताना ते घसरले, पण तो भाग मी सोडून देते.

सोमवारी सकाळी मी उठले तर काकू खोलीत नव्हती. न्हाणीघरात कोरड्या टबात उशी पाठीशी घेऊन, अंगावर शाल ओढून बसली होती. केस मोकळे, मुठी मांडीवर. तिसरा दिवस होता. मी तिची मूठ हातात घेऊन बोटं उलगडायला गेले तर तिने ओठ दाबले. अंगठा हललाच नाही. मला भीती वाटली, खरी भीती.

“काकू, केव्हापासून बसलीस?”

“ते उठायच्या आधीपासून.”

आठ वाजता भंगारवाला आला, बरोबर दोन गडी, दोर आणि घण. काकांनी त्यांना न्हाणीघरापर्यंत आणलं आणि दारातच थबकले. भंगारवाल्याने टबाकडे बघितलं, टबातल्या बाईकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्या घरात इतका शहाणा माणूस बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

“उठ,” काका म्हणाले.

काकूने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती भंगारवाल्याला म्हणाली, “भाऊ, तुम्हाला फेरी फुकट पडायला नको. तो कोपऱ्यातला खोका न्या. लोखंड आहे, पितळ आहे. भरपूर आहे.”

काका झडप घालून खोक्यापाशी गेले आणि त्यांनी तो पोटाशी धरला. जड होता. त्यांचे गुडघे वाकले. भंगारवाला अवघडून उभा. कुणी कुणाचं ऐकायचं ते त्याला कळेना.

“अहो,” काकू म्हणाली, “सोडा.”

काका म्हणाले, “काय?”

“हातातला खोका सोडा. खाली ठेवा, पायावर पडेल. तो भाऊंना नेऊ द्या. मग नळवाल्याला बोलवायला हिला पाठवा. तो येऊन काम पुरं करेपर्यंत मी इथून उठणार नाही.”

कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी होतं. मला त्यात एक स्वल्पविरामही बदलावासा वाटला नाही.

काकांनी खोका ठेवला. मोठं मन दाखवलं वगैरे काही नाही, हात भरून आले होते. पण ठेवला. भंगारवाल्याने तो उचलला आणि जिना उतरताना आतले नट एकमेकांवर आपटत गेले. तो आवाज बाइंडरच्या दुकानापर्यंत, मग रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. काका तो शेवटपर्यंत ऐकत उभे होते.

नळवाला आला. बारीक चणीचा, कमी बोलणारा. टबाजवळ उकिडवा बसला, जाळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “रबर वर कुणी लावलं?”

 काकू टबात बसल्या बसल्या छताकडे बघत होती. नळवाल्याने काकांच्या केसांतला सफेदा बघितला आणि पुन्हा विचारलं नाही. त्याने काकूला उठवलंही नाही, “तुम्ही बसा आई, वजन असलं की टब हलत नाही,” म्हणाला. मी वरून पक्कड धरली. तो खालून प्रत्येक वेळी सांगायचा, “ताई, पक्कड धरा. आता पक्कड सोडा. आता जरा बाजूला व्हा.” रबर खाली गेलं, कडेखाली पुट्टी बसली, नट हाताने आवळून वर अर्धाच फेरा दिला, ट्रॅप जोडला, फरशीतलं भोक बुजवलं. तासाभराचं काम.

मधे काका त्याच्याशी बोलायला आले. गप्प बसवत नव्हतं त्यांना. पाण्याच्या दाबाबद्दल काहीतरी चुकीचं सांगितलं आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाले, “ही माझी पुतणी. नवऱ्याला सोडून आली.”

व्याकरणाने वाक्य शुद्ध होतं. नळवाल्याला ते सांगायचं काही कारण नव्हतं, आणि मी त्याचे काकांना गुण देणार नाही. पण कान टवकारले माझे, हे खरं.

पुट्टी सुकायला रात्रभर द्यायची होती. मंगळवारी सकाळी काकू टबात उतरली. बाइंडर खालच्या दुकानात छताकडे मान वर करून उभा होता. त्याने येऊन सांगितलं, थेंबही नाही. काका हॉलमध्ये बसले होते. खिळ्याला पाना नव्हता. तो रविवारी टबाखाली राहिला होता आणि नळवाल्याने काम झाल्यावर मला विचारून नेला, मी न्या म्हटलं. काकांनी अजून त्याबद्दल विचारलेलं नाही.

चाळीस मिनिटं झाली. सवयीने काकांनी तोंड उघडलं. मी वर्तमानपत्रातून वर बघितलं. ‘सो’ इतकं बाहेर आलं होतं, तिथे ते थांबले. उठले. न्हाणीघराच्या दारापाशी गेले आणि दारावर बोटाने टकटक केली. आपल्याच घरात, आपल्याच बायकोच्या दारावर टकटक करताना मी त्यांना पहिल्यांदा बघत होते.

“अगं,” ते म्हणाले, “टबातलं पाणी सोडतेस का?” आणि जरा थांबून, कुणी आठवण करून दिल्यासारखं, “तुझी बोटं उघडली का?”

आतून गरम पाण्याचा नळ पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.